बिया कुठल्या, भाजल्या कधी

गेल्या दिवाळीत भाचा मिलानहून आला, तेव्हा त्याने बॅगेतून एक किलोचं काळं चकचकीत पाकीट काढून माझ्या हातात ठेवलं. "मावशी, हे खास तुझ्या एस्प्रेसो मशीनसाठी. तिकडे घरोघरी हीच कॉफी पितात." पोराने सामानाच्या मोजक्या वजनातलं एक किलो मावशीच्या नावाने राखलं होतं, याचंच मला आधी कौतुक वाटलं. जेवणं आटोपल्यावर चष्मा लावून मी पाकिटाची मागची बाजू वाचत बसले. चार-पाच भाषांतला मजकूर, थंड आणि कोरड्या जागी ठेवण्याची सूचना, आणि दीड वर्षापुढची 'या तारखेपूर्वी वापरा' अशी तारीख. बिया भाजल्या कधी, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. सगळ्यात खाली बारीक अक्षरांत त्या कुठून आल्या तेवढं होतं: ब्राझील, व्हिएतनाम, भारत.

भाच्याला दाखवलं. "अरे वा, म्हणजे आपलीच कॉफी की!" असं म्हणून तो चकलीकडे वळला. त्याच्यापुरता विषय संपला. माझ्या मनातून मात्र तो जाईना.

भारतातली निम्म्याहून कितीतरी जास्त कॉफी परदेशी जाते आणि इटली हे तिचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आहे, हे मी अनेकदा वाचलं होतं. पण त्या रात्री पहिल्यांदाच त्या बियांचा रस्ता डोळ्यांपुढे आला. कोडगू (कूर्ग) नाहीतर वायनाडच्या कुठल्याशा मळ्यात जानेवारी-फेब्रुवारीत तोडलेली फळं, खळ्यावर उन्हात वाळवलेली, पोत्यात भरून मंगळूर किंवा कोचीच्या बंदरात गेलेली, तिथून जहाजाने इटलीत, तिथल्या भट्टीतून पाकिटात, दुकानाच्या फळीवर कोण जाणे किती महिने, आणि शेवटी विमानाने पुण्यात. ज्या डोंगरात त्या पिकल्या तो पुण्याहून मिलानच्या मानाने अगदी जवळ आहे. दुसऱ्या दिवशी फराळाला आलेल्या जाऊबाईंनी ओट्यावरचं पाकीट पाहिलं आणि "इटालियन? वा, मग आज कॉफीच दे मला" म्हणाल्या. त्याच ओट्यावर शेजारी चिकमंगळूरचं पाकीट होतं, आठवड्यापूर्वी भाजलेलं. त्याच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. मला वाईट वाटलं ते याचं.

मी वडाळ्याला वाढले. महिन्यातून एकदोन रविवारी बाबा मला माटुंग्याला न्यायचे, भाजीला आणि कॉफीला. किंग्ज सर्कलच्या बाजूला वळलं की दुकान दिसायच्या आधी वास यायचा. भाजलेल्या बियांचा तो वास थोडा कडसर, थोडा गोड, आणि त्याच्या मागे गरम लोखंडाचाही. दुकानाच्या काउंटरमागे बियांचे डबे ओळीने असायचे आणि माणूस मान वर न करता विचारायचा, "पीबेरी किती, प्लांटेशन किती? चिकोरी घालायची?" बाबांचं उत्तर ठरलेलं: निम्मी पीबेरी, निम्मी प्लांटेशन, चिकोरी (कॉफीत मिसळायची एका भाजलेल्या मुळाची पूड) वीस टक्के. तो बिया तोलायचा, चक्कीच्या तोंडात ओतायचा, आणि पुढचा मिनिटभर कुणाचं बोलणं कुणाला ऐकू यायचं नाही. खाली पिशवीत पडणारी पूड हाताला चांगलीच गरम लागायची. परतीच्या बसमध्ये ती पुडी माझ्या मांडीवर असे आणि घरी पोचेपर्यंत तिची ऊब जात नसे. पाव किलोच्या वर बाबांनी कधी घेतली नाही. "जास्त घेऊन काय करायची? वास उडतो," एवढंच त्यांचं म्हणणं. फळात दोनऐवजी एकच गोल बी धरते तिला पीबेरी म्हणतात, आणि पाण्यात धुऊन काढलेल्या अरबिका जातीच्या कॉफीला आपल्याकडच्या व्यापारात प्लांटेशन म्हणतात, हे मी पुढे कधीतरी शिकले. बाबांना हे ठाऊक होतं की नाही, कुणास ठाऊक. त्यांना चव ठाऊक होती आणि दुकानदाराशी बोलायचं कसं ते ठाऊक होतं.

घरी आमच्याकडे दाक्षिणात्य पद्धतीचा कॉफी फिल्टर नव्हता. बहुतेक मराठी घरांत होत असे तशीच आमची कॉफी व्हायची: दूध, थोडं पाणी, साखर एकत्र उकळायची, गॅस बंद करून त्यात पूड टाकायची, झाकण ठेवायचं, मग गाळून वर जायफळ किसायचं. लग्नघरात रात्रीच्या जेवणानंतर, परीक्षेच्या जागरणाला, घरात कुणी दवाखान्यातून आलं की. चहा रोजचा आणि कॉफी काही कारणाने. ती कॉफी मला अजूनही प्रिय आहे आणि मशीन आल्यावरही ती आमच्या घरातून गेलेली नाही. पण त्या पातेल्यात बियांचे बरेवाईट गुण झाकले जायचे, हेही खरं. दूध, साखर, जायफळ यांच्याखाली शिळी पूडसुद्धा खपून जाते. एस्प्रेसोच्या यंत्रात ती सोय नाही.

तिथे अठरा ग्रॅम पूड एका छोट्या चाळणीत दाबून बसवायची आणि साधारण ९३ अंशांचं पाणी तिच्यातून हवेच्या नऊपट दाबाने ढकलायचं. पंचवीस ते तीस सेकंदांत छत्तीस ग्रॅमच्या आसपास कॉफी उतरली पाहिजे. एवढ्याशा वेळात बियांमधलं सगळं बाहेर येतं, चांगलं तेही आणि वाईट तेही. पातेल्यात पूड पाच मिनिटं जास्त राहिली तर फार बिघडत नाही. इथे दळण केसभर जाड झालं तर कॉफी पंधरा सेकंदांत धावत सुटते आणि आंबट पाणी हाती येतं. फार बारीक झालं तर थेंब थेंब गळते आणि जिभेवर राख बसते. लोक मशीनवर भरपूर पैसे घालतात, मग ग्राइंडरवर जरा कमी, आणि बियांवर सगळ्यात कमी. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. साध्या मशीनवर चांगल्या, ताज्या बियांची सुंदर कॉफी मी प्याले आहे. शिळ्या बियांतून चांगली कॉफी काढून देणारं मशीन मात्र मी अजून पाहिलेलं नाही.

मिलानच्या पाकिटाची पहिली कॉफी मी जाऊबाईंसाठीच काढली. पोर्टाफिल्टर, म्हणजे ती चाळणी धरणारा दांडा, चढवला, बटण दाबलं. ताज्या बियांची असेल तर सुरुवातीचे काही सेकंद काहीच दिसत नाही, मग गडद तपकिरी, जवळजवळ काळे थेंब, मग ते जुळून एक बारीक धार, आणि धारेत गडद-फिकट पट्टे हलताना दिसतात. इथे धार पहिल्यापासूनच फिकी पिवळी होती आणि सरळ कपात पडत होती. वर फेस आला तो मोठ्या बुडबुड्यांचा, बघता बघता मध्यातून फाटला आणि खालची काळी कॉफी दिसू लागली. दळण दोन खुणा बारीक करून पुन्हा काढली. वेळ जुळली, चव जुळली नाही. कडूपणा होता, वजन होतं, मागे ओल्या पुठ्ठ्याचा हलका वास होता आणि मधला सुगंध गायब होता. त्या बियांत मुळात काही खोट नव्हती. ज्याने त्या निवडल्या आणि भाजल्या त्यालाही कारागिरी येत होती. फक्त त्यांचा दिवस उलटून गेला होता.

असं का होतं, ते कळल्यावर बिया विकत घेण्याची माझी सगळी पद्धतच तारखेपासून सुरू व्हायला लागली. बी भाजताना तिच्या पोटात कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि पुढे कित्येक दिवस तो हळूहळू बाहेर पडत राहतो. पाकिटाला ते छोटं बटणासारखं झडपेचं भोक असतं ते त्याचसाठी: वायू बाहेर जावा, हवा आत येऊ नये. एस्प्रेसोवरचा तपकिरी साय धरलेला थर, क्रेमा, हा त्याच वायूचा आणि बियांतल्या तेलाचा. १९४८ साली मिलानच्या आकिले गाज्जियाने दांडा ओढून पाण्याला दाब देणारं यंत्र विकायला आणलं तेव्हा असा जाड क्रेमा पहिल्यांदा कपात दिसू लागला. त्याआधीची यंत्रं वाफेच्या थोड्या दाबावर चालायची आणि कॉफीवर असा थर धरत नसे. बी जुनी झाली की वायू संपतो, तेल खवट होऊ लागतं, आणि क्रेमा विरतो. पाकीट कितीही घट्ट बंद केलेलं असो, काळ थोडा लांबतो एवढंच.

गंमत म्हणजे अगदी आदल्या दिवशी भाजलेली बीही चालत नाही. तिच्यात वायू इतका असतो की पाणी पुडीतून सारखं जाऊच शकत नाही, फेसच फेस येतो आणि चव तुटक लागते. लोणच्यासारखी कॉफीही मुरावी लागते. मध्यम भाजलेल्या बियांना आठवडा-दहा दिवस, हलक्या भाजलेल्यांना दोन आठवडेही. मग पुढचे तीन-चार आठवडे त्यांचे ऐन भराचे. त्यामुळे पाव किलो घ्यायची, भाजल्याच्या तारखेनंतर आठवड्याने फोडायची, आणि महिन्याभरात संपवायची. म्हणजे फिरून बाबांचा पाव किलोचा हिशेब. तारीख नसलेलं पाकीट मी आता हातात घेत नाही, मग ते कुठल्याही देशाचं असो. दुकानांत काचेच्या उंच बरण्यांत बिया उजेडात मांडून ठेवलेल्या असतात त्याही नकोत. दिसतात सुरेख, पण हवा आणि उजेड दोन्ही लागून त्यांचा जीव गेलेला असतो.

तारखेनंतरचा प्रश्न भाजणीचा. तेलाने चकाकणाऱ्या काळ्या बिया पाहून अनेकांना 'कडक' कॉफीचा भरवसा वाटतो. तेल बाहेर आलंय म्हणजे बी खूप पुढेपर्यंत भाजली गेली आहे. तिची मूळची चव बरीचशी जळाली, उरली ती भाजणीची चव. शिवाय ते तेल ग्राइंडरच्या पात्यांत चिकटतं आणि खवट होऊन पुढच्या चांगल्या बियांनाही वास लावतं. दुसऱ्या टोकाला हल्ली अगदी हलक्या, दालचिनी रंगावर भाजलेल्या बियांची आवड वाढली आहे. त्यांत फुलांचा, फळांचा सुगंध असतो आणि गाळून केलेल्या कॉफीत तो खुलतो. घरच्या मशीनवर त्यातून गोडवा काढणं अवघड. या बिया टणक असतात, लवकर सुटत नाहीत, आणि कपात आंबटपणा पुढे येतो. माझ्या नवऱ्याने अशा एका एस्प्रेसोचा घोट घेतला आणि "यात लिंबू पिळलंयस का?" असं अगदी खरोखर विचारलं होतं. घरी दुधाची आणि बिनदुधाची अशा दोन्ही कॉफ्या होत असतील तर मध्यम किंवा त्याहून थोडीशी गडद भाजणी बरी. बी बाहेरून कोरडी, तपकिरी, एकसारख्या रंगाची असावी. मुठीत घेऊन पाहावी, मोडके तुकडे, फिक्या पडलेल्या आणि किडीची भोकं असलेल्या बिया किती आहेत ते लगेच दिसतं. एक फिकी, कच्च्या फळातली बीसुद्धा अठरा ग्रॅमच्या डोसात शेंगदाण्याच्या टरफलाची चव सोडून जाते.

आता रोबस्टाबद्दल, म्हणजे अरबिकाखेरीजच्या कॉफीच्या दुसऱ्या मोठ्या जातीबद्दल. इथे माझा जीव जरा जास्त अडकलाय.

'शंभर टक्के अरबिका' असं पाकिटावर मिरवण्याची रीत पडली आहे, जणू रोबस्टा ही भेसळच. चिकोरीला आणि रोबस्टाला एकाच पारड्यात टाकणारेही भेटतात. भारतात पिकणाऱ्या कॉफीतला सुमारे सत्तर टक्के वाटा रोबस्टाचा आहे. ती इथे आली तीच संकटातून. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तांबेरा पडला. १८६९ मध्ये सिलोनमध्ये तो दिसला आणि पुढच्या काही वर्षांत तिथले कॉफीचे मळे उद्ध्वस्त होऊन त्या जागी चहा आला. आपल्याकडचे मळेही त्याने आणि खोडकिड्याने पोखरले. अरबिका नाजूक, उंचावरची. रोबस्टा खालच्या उंचीवर, उष्म्यात तग धरणारी आणि तांबेऱ्याला दाद न देणारी. शेतकऱ्याला तिने उभं ठेवलं. आणि वनस्पतीशास्त्र असं सांगतं की अरबिका ही मुळात रोबस्टाच्या जातीचा आणि दुसऱ्या एका रानटी कॉफीचा नैसर्गिक संकर आहे. म्हणजे जिला आपण खालच्या पायरीवर बसवतो ती अरबिकाच्या आईबापांपैकी एक आहे.

रोबस्टात कॅफिन अरबिकाच्या जवळजवळ दुप्पट. तेल आणि साखर कमी, म्हणून निष्काळजीपणे पिकवलेली, जमिनीवर कशीही वाळवलेली रोबस्टा रबरासारखा वास मारते, हे खरं आहे. पण पिकलेलं लाल फळ निवडून तोडलेली, धुऊन काढलेली, सावकाश वाळवलेली रोबस्टा वेगळीच असते. आपल्याकडे धुतलेल्या रोबस्टाला पार्चमेंट म्हणतात, फळासकट वाळवलेलीला चेरी. पार्चमेंटमधली सगळ्यात वरची निवड म्हणजे कापी रॉयल. हीच इटलीतले भाजणारे शोधत असतात, कारण क्रेमा तिने जाड येतो आणि कॉफीला अंग, म्हणजे जिभेवर जाणवणारा भरीवपणा, येतं. उत्तर इटलीत मिश्रणात अरबिका जास्त असते, नेपल्सकडे रोबस्टा वाढत जाते आणि भाजणीही गडद होते. म्हणजे ज्या चवीला जग 'खरी इटालियन' म्हणतं, तिच्या पायाशी कोडगू आणि वायनाडच्या शेतकऱ्याचे कष्ट आहेत. आपण मात्र ती इटलीचा शिक्का बसल्यावरच ओळखतो. मी आता दुधाच्या कॉफीसाठी तीस टक्के तरी चांगली रोबस्टा असलेलं मिश्रण घेते. कपभर गरम दुधातही कॉफी हरवत नाही, आणि वर जायफळ किसलं तर दोघांचं छान जमतं.

चिकमंगळूरला मी डिसेंबरात गेले होते. कडूरला पहाटे उतरलं की पुढे रस्ता चढू लागतो आणि हवेला गारवा येतो. सिल्व्हर ओकची उंच सरळ झाडं, त्यांच्या खोडांवर मिरीचे वेल, आणि त्या सावलीत डोक्याएवढी उंच कॉफीची झुडपं. अरबिकाची तोडणी चालू होती. बाया कमरेला पिशवी बांधून फांदी खाली ओढत आणि दोन बोटांनी फक्त लाल फळं काढत. हिरवी तिथेच राहू देत, त्यांच्यासाठी पुन्हा फेरी. मी एक पिकलं फळ तोंडात टाकलं. साल पातळ, गर नावाला, पण गोड, आणि आत बुळबुळीत आवरणातल्या दोन बिया, जिभेवरून सटकणाऱ्या. कॉफीची चव त्यात शोधूनही सापडत नाही. संध्याकाळी फळं पल्परमध्ये पडली, साली एकीकडे आणि बिया पाण्याबरोबर हौदात. रात्रभर तो बुळबुळीतपणा आंबून सुटला, सकाळी हौदाजवळ ताकासारखा आंबूस वास होता. मग खळ्यावर पातळ थर, आणि दर थोड्या वेळाने दाताळ्याने वरखाली. मळ्यावरचा वयस्कर मुकादम मूठभर बिया उचलायचा, कानाशी हलवायचा, एक दाताखाली दाबायचा आणि "आणखी एक दिवस" म्हणायचा. ओलावा मोजायचं यंत्र त्याच्या खोलीत होतं. आधी दात, मग यंत्र.

पाकिटावर 'वॉश्ड', 'नॅचरल', 'हनी' असं लिहिलेलं असतं ते सगळं या खळ्यावरचं. धुतलेली बी स्वच्छ, हलक्या आंबट-गोड चवीची. फळासकट वाळवलेली नॅचरल जड, फळाच्या गोडव्याची, कधी थोडी आंबल्याच्या वासाची. अर्धा गर तसाच ठेवून वाळवली की हनी, ती या दोघींच्या मधली. एस्प्रेसोला मला धुतलेली आणि नॅचरल यांचं मिश्रण आवडतं. जातीही वाचाव्यात. एस ७९५ ही १९४० च्या दशकात चिकमंगळूर जिल्ह्यातल्या बाळेहोन्नूरच्या संशोधन केंद्रात तयार झालेली जात. ते केंद्र १९२५ चं. या जातीची कॉफी गोडसर, आंबटपणा मवाळ, मागे गूळ आणि मसाल्याची चव. एस्प्रेसोसाठी पहिल्यांदा बिया घेणाऱ्याला मी बिनधास्त तीच सांगते. सिलेक्शन ९ मध्ये इथिओपियाचं रक्त आहे, ती फुलांच्या अंगाने जाते आणि बिनदुधाची प्यायला जास्त चांगली.

परत येताना वाटेत बाबाबुडनगिरीचे डोंगर दिसत होते. सतराव्या शतकात बाबा बुडन हजहून येताना येमेनच्या मोखा बंदरातून सात बिया लपवून घेऊन आले आणि त्या इथे रुजवल्या, ही कथा तिथे प्रत्येक जण सांगतो. ती सात बियांची गोष्ट कितपत खरी हा वेगळा विषय. पण त्या उतारावर आज कॉफी आहे, आणि २०१९ मध्ये बाबाबुडनगिरी, चिकमंगळूर आणि कोडगूची अरबिका, वायनाडची रोबस्टा आणि आंध्रातल्या अराकूची अरबिका या पाचांना एकदमच भौगोलिक मानांकन मिळालं. अराकूत ती आदिवासी शेतकरी पिकवतात. आपल्या मेळघाटात, चिखलदऱ्यालाही कॉफीची झाडं आहेत, इंग्रजांच्या वेळची लावणी. तिथलं एखादं पाकीट भाजल्याच्या तारखेसकट पुण्याच्या दुकानात दिसावं अशी माझी फार इच्छा आहे.

पावसाळ्यात मी मॉन्सून्ड मलबार आणते. शिडाच्या जहाजांच्या काळात आपली कॉफी आफ्रिकेला वळसा घालून युरोपात पोचायला महिनेच्या महिने लागत. खाऱ्या दमट हवेत बिया फुगत, पिवळट होत, आणि तिकडच्या लोकांना त्याच चवीची सवय लागली. पुढे आगबोटींनी प्रवास लवकर होऊ लागला, बिया हिरव्याच पोचू लागल्या आणि गिऱ्हाइकांना चव चुकल्याचं जाणवलं. मग पश्चिम किनाऱ्यावर, उघड्या बाजूंच्या गोदामांत, जून ते सप्टेंबर बिया पसरून त्यांना मुद्दाम पावसाळी वारा खाऊ घालण्याची पद्धत आली. आंबटपणा जवळजवळ जातो, अंग जड होतं, एक मातकट, लाकडी सुगंध येतो. काहींना ही चव मुळीच आवडत नाही आणि त्यांचं मला कळतंही. मला मात्र ती पावसाच्या दिवसांत हवीशी वाटते. दमट हवेत पूड ओलावा धरते, सकाळी जी धार जुळलेली असते ती दुपारच्या सरीनंतर बदलते, आणि ग्राइंडरची खूण थोडी सरकवावी लागते. पावसाने बनलेली बी पावसातच दळताना असा हात फिरवायला मला फार आवडतं.

किमतीचं सांगायचं तर पाव किलोला पाचशे-सातशे रुपये लोकांना टोचतात, आणि टोचणं साहजिक आहे. २०२४ मध्ये व्हिएतनाम आणि ब्राझीलमधल्या दुष्काळाने जगभर भाव चढले, रोबस्टाचा दर कधी नव्हता एवढा झाला. कर्नाटकातल्या मळेवाल्यांना बऱ्याच वर्षांनी हातात पैसा दिसला. त्याआधीची अनेक वर्षं भाव इतके पडलेले होते की झाडं उपटून टाकण्याची बोलणी मी तिथे ऐकली आहेत. उत्तर कर्नाटकातून, आसामातून तोडणीला येणाऱ्या मजुरांची मजुरी, तोडणीच्या तीन-तीन फेऱ्या, फेब्रुवारी-मार्चमधला एक वळीव वेळेवर पडला तरच धरणारा बहर. त्या पावसानंतर आठवड्याभरात मळा पांढऱ्या फुलांनी भरतो आणि मोगऱ्याच्या जवळ जाणारा वास दोन-तीन दिवस दरीत राहतो. पाऊस हुकला तर वर्ष हुकलं. एवढं सगळं पाव किलोच्या पाकिटात असतं. एका पाकिटात तेरा-चौदा वेळा चाळणी भरते, आणि प्रत्येक वेळी दोघांपुरती कॉफी होते. बाहेर एका कॅपुचिनोला आपण दोन-अडीचशे सहज मोजतो.

मिलानच्या बियांची पुढे पातेल्यातली कॉफी झाली. जाडसर दळून, दूध-साखरेत, जायफळ घालून. दिवाळीचे पाहुणे कप पुन्हा पुढे करत होते आणि भाचाही दोन कप प्याला. मी त्याला चिकमंगळूरच्या बियांची एस्प्रेसोही काढून दिली. त्याने ती हळूहळू संपवली आणि "ही कुठली?" म्हणून विचारलं. मी पाकीट दाखवलं: मळ्याचं नाव, समुद्रसपाटीपासूनची उंची, जात, धुतलेली, भाजल्याची तारीख. "एवढं सगळं लिहितात होय?" म्हणाला. सगळे लिहीत नाहीत. जे लिहितात त्यांच्याकडून घ्यावं.

आमच्या भागात एक तरुण मुलगा लहानशा गाळ्यात बिया भाजतो. त्याच्याकडे मी जाते, कारण त्याला विचारता येतं आणि तो उत्तर देतो. या बिया कुठल्या हंगामाच्या, मिश्रणात रोबस्टा किती आणि ती धुतलेली की चेरी, पहिला तडा (भाजताना बी फुटल्याचा आवाज) गेल्यावर किती वेळ भट्टीत ठेवल्या. मागच्या आठवड्यात त्याच्याकडे कोडगूच्या धुतलेल्या रोबस्टाचं एक पोतं आलं होतं. हिरव्या बिया त्याने माझ्या तळहातावर ओतल्या, गोलसर, करड्या-हिरव्या, वासाला वाळलेल्या गवताच्या. "काकू, ही मी मिश्रणात घालणार आहे," तो म्हणाला. मी त्याला म्हटलं, पाव किलो नुसतीच भाज, मध्यमच्या जरा पुढे, तेल बाहेर येऊ देऊ नकोस. नुसत्या रोबस्टाची एस्प्रेसो कुणी मागत नाही म्हणून तो आधी थोडा थांबला, मग वहीत लिहून घेतलं. गुरुवारी भाजणार आहे. त्यापुढे दहा दिवस मुरू देणार, आणि मग पहिली बिनसाखरेची, बिनदुधाची काढून जाऊबाईंना बोलावणार आहे.